त्या बाईला बोलावू नका

फुकटात किंमत काढून देतो म्हणणाऱ्या माणसावर माझा काडीचा विश्वास नाही. हे मी शोरूमवाल्याच्या तोंडावर सांगितलं, आमच्याच बैठकीच्या खोलीत, तो आमचाच चहा पीत असताना. दादाने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्या चहात मीठ टाकलं होतं.

गोष्ट आमच्या बाबांच्या गाडीची. बाबांनी ती घेतली तेव्हा दादाचाही जन्म झाला नव्हता, म्हणून घरात तिचं नाव मोठी. मग दादा, मग मी. गोल दिव्यांची, दोन दारांची, गडद हिरवी, आणि मागच्या सीटवर बसलं की गुडघे हनुवटीला लागायचे. बाबा रविवारी सकाळी ती पुसायला घ्यायचे ते जेवायची हाक येईपर्यंत. आई तिला सवत म्हणायची. "सवतीची आंघोळ झाली असेल तर जेवायला या," अशी ती हाक असायची. बाबा हसत हसत हात धुवायला जायचे. बाबांखेरीज मोठी चालवली ती फक्त मी. दादाला चालवायचा कंटाळा, आणि आईला कोणी शिकवलंच नाही.

मी मात्र त्याच गाडीवर शिकले आणि पुढे तेच पोटापाण्याचं झालं. मी ड्रायव्हिंग शिकवते. माझ्या शिकवणीच्या गाडीला माझ्या बाजूलाही एक ब्रेक आहे. इतकी वर्षं तो दाबून दाबून आता अशी सवय लागली आहे की घरात कोणी काही मूर्खपणा करायला निघालं तरी माझा पाय आपोआप जमिनीवर दाबला जातो. माणूस क्लच कसा सोडतो यावरून तो पुढे काय दिवे लावणार हे मला कळतं. दादाचा हा शाळेपासूनचा मित्र, शोरूमवाला, गाडी चालवताना आरशात मागचा रस्ता बघत नाही, स्वतःचे केस बघतो. अशा माणसाला रस्ता द्यावा, गाडी देऊ नये.

बाबा गेले त्यानंतर मोठी मागच्या शेडमध्ये धूळ खात उभी होती. बाबांनी जे काही होतं ते आईच्या नावे करून ठेवलं होतं. पण आमच्या घरात आईच्या नावे म्हणजे दादाच्या हाती. बँक दादा, बिलं दादा, गळक्या नळासाठी प्लंबर बोलावणार तोही दादाच. वाईट करतो असं नाही. उलट सगळं नीट करतो, म्हणूनच कोणी काही विचारत नाही. त्याला शेड मोकळी हवी होती, कारण वहिनीला तिथे मुलांच्या शिकवण्या घ्यायच्या होत्या. त्यात गैर काही नव्हतं. गैर हे, की गाडीचं काय करायचं ते त्याने नेमकं याच मित्राला विचारलं, आणि मित्राचा धंदा काय, तर जुन्या गाड्या स्वस्तात उचलायच्या, चकचकीत करायच्या आणि हौशी लोकांच्या गळ्यात मारायच्या.

शोरूमवाला आपला तपासणारा सोबत घेऊनच आला होता. त्या माणसाने मोठीभोवती एक फेरी मारली, बॉनेट उघडलं, आणि आत उंदीर मरून पडल्यासारखं तोंड केलं. मग दोघे कोपऱ्यात जाऊन कुजबुजले. मग बैठकीत येऊन शोरूमवाल्याने पाढा वाचला: गंज लागलाय, रंग गेलाय, सुटे भाग मिळत नाहीत, हल्ली असल्या गाड्यांना विचारतंय कोण. पण काकांची आठवण म्हणून तो घ्यायला तयार होता. तपासणीचे पैसे नकोत, घरचंच काम. त्याने जो आकडा सांगितला त्यात माझ्या शिकवणीच्या गाडीचा ठोकलेला दरवाजासुद्धा आला नसता.

आई दारात उभी होती. तिने आकडा ऐकला, कपबश्या उचलल्या आणि आत गेली.

जो विकत घेणार तोच किंमत ठरवणार आणि वर उपकार केल्याचा आव आणणार, हे मला पटत नाही, असं मी म्हटलं. दादा म्हणाला, तुझा स्वभावच संशयी. मी म्हटलं, आहेच, म्हणून आजवर हातपाय धड आहेत. बरीच वादावादी झाली आणि शेवटी असं ठरलं: रविवारी सकाळी शोरूमवाला ट्रक घेऊन येणार. त्याआधी भरवशाचा कोणी मिळाला तर मी त्याच्याकडून किंमत काढून घ्यावी. नाही मिळाला तर मोठी त्याच आकड्याला जाणार, आणि मग मी या विषयावर जन्मात तोंड उघडायचं नाही. तोंड उघडायचं नाही हे दादाने दोनदा सांगितलं.

माझ्याही मनात मोठीची सोय आधीच लावून झाली होती. आमच्या ड्रायव्हिंग स्कूलच्या अंगणात, पाटीखाली, ती दिमाखात उभी करायची. मालकांना मी तसं बोलूनही बसले होते. पण ते पुढचं. आधी ती मातीमोलाने जाऊ द्यायची नव्हती. बाबांनी जिच्यावर जीव लावला ती गाडी केस बघणाऱ्या माणसाच्या घशात जाणार, या विचारानेच माझं डोकं फिरत होतं.

पहिल्यांदा गेले मिस्त्रींकडे. मोठीचं सगळं काम बाबांच्या वेळेपासून त्यांच्याच हातचं. त्यांच्या गॅरेजची जमीन तेलाने इतकी काळी झाली आहे की मूळची कशी होती ते त्यांनाही आठवत नसेल. मी विषय काढताच त्यांनी हातातला पाना ठेवला, डोळे पुसले आणि अशी गाडी आता होणे नाही म्हणाले. किंमत विचारली तर थेट आभाळाला हात लावला. मी खूश. मग म्हणाले, फक्त त्याआधी इंजिन उतरवून घेऊ, सीटा नव्याने शिवू, पुढची जाळी चमकवून आणू, आणि मग बघा गंमत. हे सगळं कोण करणार, तर तेच. त्यांचं प्रेम खरं होतं, पण बिल माझ्या नावावर फाटणार होतं. मी निघाले तेव्हा दारापर्यंत सोडायला आले आणि म्हणाले, ताई, कोणालाही दाखवा, फक्त त्या सर्व्हेअर खोडाबाईला बोलावू नका, चांगल्या गाडीतही खोड काढते.

मग जुन्या गाड्यांच्या क्लबचे अध्यक्ष. त्यांच्या दिवाणखान्यात माणसांचा एकही फोटो नाही, चारी भिंतींवर गाड्या. त्यांनी मला मोठीच्या कंपनीचा समग्र इतिहास ऐकवला. मी मान डोलावून डोलावून अवघडले. किमतीचं विचारलं तर त्यांना ते फार रांगडं वाटलं. अशा गोष्टी पैशांत मोजत नाहीत, म्हणाले. मात्र माझ्याकडून गाडीचे फोटो आणि माझा नंबर आठवणीने मागून घेतला. मी जिना उतरत असताना वरून म्हणाले, एक सांगतो, त्या सर्व्हेअर बाईंच्या नादी लागू नका, त्यांना गाडीतलं सौंदर्य कळत नाही.

संध्याकाळी एका अनोळखी माणसाचा फोन आला. तुमच्याकडे जुनी हिरवी गाडी विकायची आहे असं कळलं, म्हणाला. त्याला कसं कळलं हे विचारायची गरज नव्हती.

मी स्वयंपाकघरात जाऊन आईसमोर धुमसत बसले. या गावात एक माणूस सरळ नाही, असं बरंच काही बोलले. आई भाजी चिरत होती. तिने एवढंच विचारलं की सगळे ज्या बाईला बोलावू नका म्हणतात ती बाई आहे तरी कोण.

माझा पाय जमिनीवर दाबला गेला. मी तशीच उठले आणि शोरूमवाल्याला फोन लावला. आवाजात साखर घोळवून म्हटलं, मी थकले हो, तुम्ही या धंद्यातले जाणते, निदान कोणाच्या तावडीत सापडू नये तेवढं तरी सांगा. माणूस खुलला. कोणीही चालेल, म्हणाला, पण ती म्हातारी सर्व्हेअर नको, अडेलतट्टू आहे, तिच्या पायी माझे ठरलेले सौदे मोडलेत. मी त्याचे मनापासून आभार मानले. त्याला काही मनापासून बोलण्याची ती माझी पहिलीच वेळ.

जे तिघे एकमेकांचं तोंड बघत नाहीत त्यांचं एका गोष्टीवर एकमत होतं. मला आणखी कसली शिफारस नको होती.

खोडाबाई एका छापखान्याच्या वर राहायची. पूर्वी विमा कंपनीसाठी अपघातातल्या गाड्या तपासायची, आता स्वतंत्रपणे गाड्यांची किंमत काढून द्यायची. जिना चढताना खालच्या यंत्रांनी पायऱ्या थरथरत होत्या. वर एक टेबल, एक लोखंडी कपाट, दोन खुर्च्या. गाडीचं एकही चित्र नाही, कॅलेंडरवरसुद्धा नाही. बाई संत्रं सोलत बसली होती. तिने मला बसायला सांगितलं, अर्धं संत्रं माझ्यापुढे सरकवलं आणि विचारायच्या आधीच आपली पद्धत सांगून टाकली. फी आधी, गाडी बघण्याच्या आधी. गाडी सोन्याची निघो की भंगार, फी तेवढीच. ती गाडी विकत घेत नाही, विकून देत नाही, गिऱ्हाईक सुचवत नाही. आधी कोणी काय किंमत सांगितली ते ऐकून घेत नाही. आणि निघालेली किंमत फक्त मालकाला सांगते, एकट्याला.

शेवटचं मला खटकलं. मी म्हटलं, लपवायचं काय त्यात?

"लपवायचं काही नाही. चारचौघांत सांगितली की लोक गाडी सोडून एकमेकांकडे बघायला लागतात. मग मारामारी सोडवायला मीच. मी आता म्हातारी झाले."

मी तिला विचारलं की तुम्हाला गाड्यांची आवड नाही हे खरं का. खरं, म्हणाली. आवड असती तर मीच विकत घेत बसले असते. मी पर्स उघडली आणि फी टेबलावर ठेवली.

रविवारी ती चालतच आली, खांद्यावर पिशवी. मिस्त्री बॅटरी बसवायला आले होते. तिला बघताच ते दूर जाऊन उभे राहिले. थोड्याच वेळात फाटकाशी ट्रक येऊन थांबला आणि शोरूमवाला उतरला. बाईला पाहून त्याचं हसू जरा वाकडं झालं, पण गडी तयारीचा. दादाच्या खांद्यावर हात ठेवून विनोद करत राहिला. बाईने एकही विनोद ऐकला नाही. तिने सतरंजीचा तुकडा पसरला आणि त्या वयात सरळ गाडीखाली गेली. कापडात गुंडाळलेलं लोहचुंबक दारांवरून, मडगार्डवरून सावकाश फिरवत गेली. जिथे ते चिकटेना तिथे पत्र्याऐवजी लांबी, म्हणजे पुट्टी, भरलेली, असं मला तिने नंतर सांगितलं. छोटा आरसा आणि टॉर्च घेऊन कानाकोपरे पाहिले. ऑइल बोटावर घेऊन त्याचा वास घेतला. मग इंजिन सुरू करायला लावलं. मोठी खोकली, धूर सोडला, बंद पडली, पुन्हा खोकली आणि मग चालू झाली. तो आवाज ऐकून बाबा आतून "निघायचं का?" म्हणतील असंच वाटलं.

बाईने हात पुसले. "मालक कोण?"

दादा पुढे झाला. बोला ना, म्हणाला, सगळं मीच बघतो.

"बघतं कोण ते नाही विचारलं."

मग मी तोंड उघडलं. बोलावलं तर मीच होतं. बाई म्हणाली, फी तुम्ही दिलीत, तेवढं पोचलं. मालक कोण?

आई चहाचा ट्रे घेऊन आली होती. तिने तो ट्रे मोठीच्या बॉनेटवर ठेवला.

"मी," ती म्हणाली.

आम्हा दोघा भावंडांना हे ठाऊक नव्हतं असं नाही. तरी दोघेही अशा माना वळवून बघायला लागलो, जणू भलतंच कोणी बोललं. बाईने मात्र मान हलवली, चालकाचं दार उघडलं आणि आईला आत बसवलं. स्वतः पलीकडून जाऊन शेजारी बसली. काचा वर केल्या. त्या गाडीत आई इतक्या वर्षांत शेजारी बसली होती, मागे बसली होती, सामान मांडीवर घेऊन बसली होती. स्टिअरिंगमागे बसलेली मी तिला पहिल्यांदा पाहत होते. बाई काहीतरी बोलली. आईने विचारलं. बाईने सांगितलं. आईने पुन्हा विचारलं. मग आईने दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले आणि थोडा वेळ नुसती समोर बघत राहिली.

उतरल्यावर ती शोरूमवाल्यासमोर येऊन उभी राहिली. किती देता, एवढंच विचारलं.

त्याने आधीचा आकडा सांगितला. आई बोलली नाही. काकांच्या आठवणीखातर तो थोडा वर चढला. आई बोलली नाही. दादाच्या मैत्रीखातर आणखी चढला. मग ट्रकची खेप वाया जायला नको म्हणून चढला. आई त्याच्याकडे टक लावून पाहत होती, दूध उतू जातंय का ते पाहावं तशी. तो खोडाबाईकडे बघायचा, पण ती चहात बिस्कीट बुडवण्यात गुंतली होती. शेवटी त्याने काही कारण न देताच एक आकडा टाकला. दादाचा कप बशीवर वाजला.

"आता बरोबर बोललात," आई म्हणाली. "बाईंनी हेच सांगितलं."

दादाने मित्राच्या हाताखालून आपला खांदा काढून घेतला. त्याचे कान लाल झाले होते. तो दगाबाज नाही, फक्त भाबडा आहे, आणि त्या क्षणी मला त्याची खरंच दया आली. तू मला पहिला आकडा सांगितलास तो काय होता, असं तो त्याला हळू आवाजात विचारत राहिला. शोरूमवाल्याने ते कानाआड केलं आणि आईपुढे हात केला. ठरलं मग काकू, म्हणाला.

"नाही. विकायची नाही मला."

दादा गोंधळला. मग किंमत कशाला काढली, असं त्याने विचारलं.

"तुझे बाबा असताना ते माझ्या वतीने बोलायचे, आता तू बोलतोस. त्यात माझं किती जातं ते एकदा बघायचं होतं." आई रागावली नव्हती. "शिकवण्या समोरच्या खोलीत घ्या. मोठी शेडमध्येच राहील."

माझ्या आनंदाला पारावार राहिला नाही. मी लगेच तोंड घातलं, की शेडमध्ये कशाला, आमच्या स्कूलच्या अंगणात मी जागा करून ठेवली आहे, मालकांशी बोलणंसुद्धा झालंय.

"तुलाही कोणी विचारलेलं नाही," आई म्हणाली.

खोडाबाईला बिस्किटाचा ठसका लागला. मला राग यायला हवा होता. आला नाही. दादाशी भांडून भांडून मी ज्या गोष्टीसाठी रान उठवलं होतं ती आईने एका हातात घेतली होती, आणि दुसऱ्या हाताने मलाही बाजूला केलं होतं. इतकी खमकी आई मी कधी पाहिली नव्हती, आणि मला ती भयंकर आवडली.

आईने दादापुढे हात पसरला. त्याने खिशातून किल्ल्यांचा जुडगा काढला, मोठीची किल्ली सोडवली आणि तिच्या हातावर ठेवली.

"सवतीबरोबर जन्म काढला," ती म्हणाली. "आता तिला चालवून बघते. चल, तू अख्ख्या गावाला शिकवतेस ना?"

मी जुन्या सवयीने जाऊन स्टिअरिंगमागे बसले. आईने काचेवर टकटक केलं आणि तिकडे सरक म्हणाली. मी सरकले. शिकाऊ परवान्याचं काय, असं विचारून पाहिलं. उद्या काढू, म्हणाली, आज फक्त फाटकापर्यंत. मग मी तिला क्लच दाखवला, ब्रेक दाखवला, गिअर टाकून दाखवला. हे सगळं मी रोज सांगते, झोपेतही सांगेन, पण त्या दिवशी प्रत्येक गोष्ट दोनदा सांगितली. मोठी एक आचका देऊन बंद पडली. पुन्हा बंद पडली. मिस्त्रींनी डोळे मिटून घेतले. तिसऱ्या वेळी ती हलली.

समोर ट्रक होता. आईने काच खाली केली, डोकं बाहेर काढलं आणि शोरूमवाल्याला तो बाजूला घ्यायला सांगितलं. त्याने घेतला.

फाटकाचा खांब माझ्या बाजूला होता. मला तो येताना दिसत होता. मी पाय दाबला. पूर्ण ताकदीने दाबला. मोठीला माझ्या बाजूला ब्रेक नाही. पत्रा खांबाला घासत गेला, लांबच लांब, आणि गाडी गल्लीत येऊन थांबली.

खोडाबाई पिशवी खांद्याला लावून तिथूनच निघाली होती. तिने वाकून तो ओरखडा पुढून मागपर्यंत पाहिला आणि खिडकीशी येऊन, फी सांगितली होती त्याच आवाजात म्हणाली, "किंमत उतरली."

आईने त्या बाजूला पाहिलंही नाही. तिचे दोन्ही हात स्टिअरिंगवर घट्ट होते आणि नजर समोरच्या रस्त्यावर.

"उतरू दे," ती म्हणाली. "पुढचं सांग."

मी म्हटलं, क्लच दाब, दुसरा गिअर टाक.